जावा ८ वरून २१ वर: आधी चालवा, मग कंपाइल करा, मग नवं लिहा

जावा ८ मार्च २०१४ मध्ये आलं आणि असंख्य प्रकल्प तिथेच थांबले. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आलं आणि तेव्हापासून दर मार्च-सप्टेंबरला नवं व्हर्जन येतं. त्यातली ११, १७, २१ आणि २०२५ मधलं २५ ही एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी. बँका, विमा कंपन्या, सरकारी कामं इथला बराच कोड अजून ८ वर चालतो, आणि त्यावर पाच-सात वर्षं काम केलेल्या डेव्हलपरला नव्या जागेसाठी मात्र १७ किंवा २१ आणि स्प्रिंग बूट ३ (जावात सर्व्हर ॲप्लिकेशन बनवण्याची चौकट) विचारलं जातं.

अशा वेळी बहुतेकजण रेकॉर्ड, स्विच एक्स्प्रेशन, टेक्स्ट ब्लॉक शिकवणारा कोर्स लावतात. भाषेतली ही भर आठवडाभरात हाताला बसते. वेळ खातात त्या आजूबाजूच्या गोष्टी: जेव्हीएमचे (जावा चालवणाऱ्या यंत्रणेचे) बंद झालेले फ्लॅग, जेडीकेमधून (जावाच्या साधनसंचातून) काढून टाकलेल्या लायब्ररी, गुपचूप बदललेलं तारखांचं फॉरमॅटिंग, सिक्युरिटीची नवी मांडणी. त्या कोर्समध्ये भेटत नाहीत, खरं ॲप्लिकेशन हलवतानाच भेटतात. म्हणून एक जुनं ॲप्लिकेशन पुढे नेण्याचा क्रम खाली दिला आहे. ऑफिसचा प्रकल्प हलणार नसेल तर स्प्रिंग पेटक्लिनिक या नमुना ॲप्लिकेशनचा २०२२ च्या आधीचा कमिट घ्या आणि त्यावर सराव करा.

नियम एकच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. क्रम असा: जावा ८ वर राहूनच लायब्ररी पुढे न्यायच्या, मग तोच जुना जार (कंपाइल झालेल्या कोडची फाइल) जावा १७ वर चालवायचा, मग १७ ने कंपाइल करायचं, मग स्प्रिंग बूट ३, मग जावा २१, आणि शेवटी भाषेतल्या नव्या सोयी. प्रत्येक टप्पा वेगळा प्रॉडक्शनला जाऊ द्या. सगळं एकाच ब्रँचमध्ये केलं की पहिला एरर कोणामुळे आला हेच कळत नाही आणि ती ब्रँच महिनोन्‌महिने मर्ज होत नाही.

स्प्रिंग बूट २.७ जावा ८ पासून २१ पर्यंत चालतं, मग मध्ये १७ वर कशाला थांबायचं? कारण १७ पर्यंतची मोडतोड मुख्यतः रिफ्लेक्शनची (प्रोग्रॅम चालू असताना क्लासच्या आत हात घालण्याची) आणि काढलेल्या भागांची आहे, तर १८ मध्ये डिफॉल्ट एन्कोडिंग बदललं आणि २० मध्ये वेळेच्या फॉरमॅटमधली एक जागा बदलली. दोन्ही एकदम अंगावर घेऊ नका.

निघण्याआधी

मशीनवर ८, १७ आणि २१ असे तीन जेडीके शेजारी-शेजारी ठेवा. लिनक्स किंवा मॅकवर एसडीकेमॅन हे साधन ते सोपं करतं. टेमुरिन, कोरेटो, झुलू या जेडीकेंपैकी कोणताही चालेल. ओरॅकलचा जेडीके ऑफिसच्या मशीनवर टाकण्याआधी परवान्याच्या अटी विचारून घ्या, कारण त्या व्हर्जनगणिक बदलत आल्या आहेत.

जावाचं व्हर्जन चार ठिकाणी वेगवेगळं असू शकतं: पाथमध्ये, जावा-होममध्ये, आयडीईच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये आणि बिल्ड सर्व्हरवर. मेव्हन या बिल्डच्या साधनाला व्हर्जन विचारलं की तो स्वतः कोणत्या जेव्हीएमवर चालतोय तेही सांगतो, ती ओळ आधी बघा. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ एररमधले आकडे लक्षात ठेवा: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. एरर ‘६१ ने कंपाइल झालंय, मला ५२ पर्यंतच कळतं’ असं म्हणत असेल, तर एखादी लायब्ररी पुढे गेली आहे आणि जेव्हीएम मागे राहिलं आहे.

मग नमुने गोळा करा. युनिट टेस्ट असतीलच असं नाही, आणि असल्या तरी त्या फॉरमॅटिंग क्वचितच तपासतात. वीस-तीस खऱ्या रिक्वेस्ट निवडा, त्यांचे रिस्पॉन्स फाइलमध्ये ठेवा. शिवाय एक सीएसव्ही रिपोर्ट, एक पीडीएफ, एक ईमेल, देवनागरी नाव असलेली एक नोंद, आणि सप्टेंबर महिन्यातली दुपारची तारीख-वेळ असलेली एक नोंद. सप्टेंबर आणि दुपार का, ते पुढे येईल. प्रत्येक टप्प्यानंतर हेच इनपुट देऊन आउटपुटचा डिफ काढायचा. या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो हा फोल्डर.

जावा ८ वरच लायब्ररी पुढे न्या

डिपेंडन्सी ट्री काढा आणि बाइटकोड वाचणाऱ्या किंवा लिहिणाऱ्या लायब्ररी आधी शोधा: लोम्बोक, बाइट बडी, एएसएम, सीजीलिब, जावासिस्ट, जॅकोको. नवं क्लास व्हर्जन समोर आलं की याच आधी पडतात. जावा १७ साठी लोम्बोक किमान १.१८.२२ आणि २१ साठी १.१८.३० लागतं. जॅकोको १७ साठी ०.८.८ आणि २१ साठी ०.८.११. ग्रेडल १७ साठी ७.३ आणि २१ साठी ८.५. लोम्बोक जुनं राहिलं तर एरर तुमच्या कोडकडे बोट न दाखवता कंपाइलरच्या आतल्या क्लासवर येतो, आणि लोक दिवसभर स्वतःचा कोड तपासत बसतात.

स्प्रिंग बूट २.७ पर्यंत आणा, पण एका उडीत नको. २.६ मध्ये दोन गोष्टी बदलल्या. बीन (स्प्रिंग सांभाळतं ती ऑब्जेक्ट) एकमेकांवर वर्तुळात अवलंबून असतील तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. ते चालू ठेवणारी सेटिंग आहे, पण वर्तुळ तोडणं बरं. दुसरं, यूआरएल जुळवण्याची पद्धत बदलली आणि एपीआयची माहितीपानं बनवणारं स्प्रिंगफॉक्स सुरू होतानाच नल पॉइंटर देतं. स्प्रिंगफॉक्स काढून स्प्रिंगडॉक आणण्याची हीच वेळ. बूट २ साठी त्याची १ ची मालिका, बूट ३ साठी २ ची.

२.७ वर आल्यावर सिक्युरिटी लगेच नव्या पद्धतीने लिहा. ‘वेब सिक्युरिटी कॉन्फिगरर ॲडॅप्टर’ स्प्रिंग सिक्युरिटी ५.७ मध्ये डेप्रिकेट झाला आणि ६ मध्ये काढून टाकला. ५.७ मध्ये जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती चालतात, म्हणून ‘सिक्युरिटी फिल्टर चेन’ चं बीन इथेच लिहून तपासून घ्या. बूट ३ च्या टप्प्यातलं सर्वांत जोखमीचं काम त्यामुळे आधीच उरकतं.

जेडीके १७ मधलं जेडेप्स हे साधन ‘जेडीके इंटर्नल्स’ पर्यायासह तुमच्या जारवर चालवा. कोणता क्लास जावाच्या आतल्या, खाजगी पॅकेजला हात लावतो ते तो दाखवतो. बूटच्या मोठ्या जारमध्ये लायब्ररी आत दडलेल्या असतात, त्यामुळे जार उलगडून आतल्या लिब फोल्डरवर चालवावं लागतं. रिफ्लेक्शनमधून होणारे वापर मात्र त्याला दिसत नाहीत. त्याचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका.

जुना जार जावा १७ वर चालवा

कंपाइल काही करायचं नाही. ८ ने बनलेला तोच जार, फक्त खालचं जेव्हीएम नवं.

बहुधा ॲप्लिकेशन सुरूच होणार नाही आणि दोष स्टार्टअप स्क्रिप्टमधल्या फ्लॅगचा असेल. ‘मॅक्स पर्म साइझ’ ला जावा ८ नुसतं दुर्लक्षित करत होतं; १७ ‘अनरेकग्नाइज्ड व्हीएम ऑप्शन’ म्हणून थांबतं. सीएमएस हा गार्बेज कलेक्टर (जीसी, म्हणजे वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) जावा १४ मध्ये काढला, त्याचे सगळे फ्लॅग काढा. ‘प्रिंट जीसी डेट स्टॅम्प्स’ सारखे जीसी लॉगचे जुने फ्लॅग गेले. जावा ९ पासून सगळं लॉगिंग ‘एक्सलॉग’ या एकाच पर्यायातून होतं. अनोळखी फ्लॅग दुर्लक्षित करायला सांगणारा एक फ्लॅगही आहे. तो वापरू नका, त्याने टायपिंगच्या चुकाही झाकल्या जातात. जुन्या ट्यूनिंगचे सगळे फ्लॅग काढून फक्त हीपची (ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीची) मर्यादा ठेवून सुरुवात करणं उत्तम. ते फ्लॅग बहुतेक वेळा वेगळ्या कलेक्टरसाठी, वेगळ्या मशीनवर कोणीतरी बसवलेले असतात.

स्टार्टअप स्क्रिप्ट जावाचं व्हर्जन वाचत असेल तर तीही बघा. पूर्वी ते १.८.० असं यायचं, आता १७.०.१ असं येतं. ‘पहिल्या टिंबानंतरचा आकडा घे’ अशा स्क्रिप्टला १७.०.१ मध्ये शून्य सापडतो.

पुढचा एरर ‘जावाएक्स एक्सएमएल बाइंड’ चा क्लास सापडत नाही असा असेल. एक्सएमएल हाताळणारं जॅक्सबी, सोपचं जॅक्स-डब्ल्यूएस, कोर्बा आणि ‘पोस्ट कन्स्ट्रक्ट’ सारखी ॲनोटेशन जावा ११ मध्ये जेडीकेबाहेर गेली. डिपेंडन्सी म्हणून जोडा, आणि एपीआय व अंमलबजावणी असे दोन्ही जार जोडा. फक्त एपीआय जोडला की कंपाइल होतं आणि रनटाइमला पडतं. या टप्प्यात अजून जावाएक्स नावाचीच, म्हणजे २ च्या मालिकेतली व्हर्जन घ्या. ॲपमध्ये जावास्क्रिप्टचे नियम चालवत असाल तर त्यासाठीचं नॅशहॉर्न हे इंजिन जावा १५ मध्ये गेलं. ते वेगळी लायब्ररी म्हणून मिळतं.

त्यानंतर ‘इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन’. जावाच्या आतल्या खाजगी फील्डला रिफ्लेक्शनने हात लावायला १६ पासून डिफॉल्ट बंदी आहे आणि १७ मध्ये ती सरसकट सैल करणारा पर्यायही काढला. एरर कोणतं मॉड्यूल आणि पॅकेज उघडं नाही ते नावानिशी सांगतो. स्टॅक ट्रेसमध्ये या एररच्या ओळीपासून खाली जात पहिली बाहेरची लायब्ररी शोधा आणि तिचं नवं व्हर्जन घ्या. ते नसेलच, तर ‘ॲड ओपन्स’ ने तेवढंच पॅकेज उघडा आणि शेजारी लिहून ठेवा की कोणत्या लायब्ररीसाठी उघडलं. इंटरनेटवर वीस ‘ॲड ओपन्स’ ची तयार यादी मिळते. ती चिकटवली की ॲप चालतं, पण कोणती लायब्ररी मागासलेली आहे ही माहिती कायमची झाकली जाते.

आता गुपचूप बदलणाऱ्या गोष्टी, ज्यांचा एरर येत नाही. जावा ९ पासून तारखा, चलन, महिन्यांची नावं सीएलडीआर या युनिकोडच्या डेटामधून येतात. भारतीय इंग्रजी लोकेलमध्ये जावा ८ रकमेआधी रोमन लिपीतलं ‘आरएस’ आणि टिंब छापत होतं. नवं जावा ₹ चिन्ह छापतं. ती रक्कम पुढे एखादा मेनफ्रेम किंवा जुना प्रिंटिंग प्रोग्रॅम वाचत असेल तर तिथे चिन्ह मोडतं. ब्रिटिश इंग्रजीत १६ पासून सप्टेंबरचं लघुरूप तीन अक्षरांऐवजी चार अक्षरांचं झालं, त्यामुळे ‘सप्टेंबर आला की इंपोर्ट बंद पडतो’ असे बग निघतात. यासाठीच नमुन्यात सप्टेंबरची नोंद ठेवायची. ‘लोकेल प्रोव्हायडर्स’ सेटिंगला ‘कॉम्पॅट’ दिलं की जुनं वागणं परत येतं, पण २३ मध्ये ती सोय गेली. खरा उपाय: मशीनने वाचायच्या फाइलमध्ये लोकेलवर अवलंबून फॉरमॅट वापरायचाच नाही. आयएसओ तारीख आणि साधा दशांश आकडा द्या.

कंटेनरमध्ये चालवत असाल तर मेमरी नीट तपासा. जुनी जेव्हीएम (८ मध्ये अपडेट ३७२ च्या आधीची) सी-ग्रुप व्ही २ (लिनक्सची मर्यादा लावणारी यंत्रणा) वर कंटेनरची मर्यादा ओळखत नाहीत. त्यांना अख्ख्या सर्व्हरची मेमरी दिसते आणि त्याच्या पाव हिश्शाचा हीप धरतात. १७ ला कंटेनरची खरी मर्यादा दिसते आणि तो तिचा पाव हिस्सा घेतो. दोन जीबीच्या कंटेनरला अर्ध्या जीबीचा हीप मिळून ॲप अचानक मेमरी संपल्याचं सांगू लागतं. ‘मॅक्स रॅम पर्सेंटेज’ ६० ते ७० असं स्पष्ट द्या. उरलेली मेमरी थ्रेड, मेटास्पेस आणि नेटवर्क बफरसाठी लागते. १०० च्या जवळ नेलं तर जेव्हीएमऐवजी कर्नलच प्रोसेस मारतो आणि लॉगमध्ये काहीच सापडत नाही. शिवाय दोनपेक्षा कमी सीपीयू किंवा १७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी दिसली तर जेव्हीएम जी-वन ऐवजी सीरियल कलेक्टर निवडतं. जीसी लॉगमध्ये कोणता कलेक्टर निवडला ते सुरुवातीलाच छापून येतं.

डेटाबेसशी जोडणीच होत नसेल तर टीएलएस, म्हणजे जोडणीचं एन्क्रिप्शन, बघा. १.० आणि १.१ ही व्हर्जन एप्रिल २०२१ च्या अपडेटपासून डिफॉल्ट बंद आहेत. जुनं ८ न अपडेट करता चालवत असाल तर हा धक्का आत्ता बसेल. सर्व्हरवर १.२ सुरू करून घ्या. सिक्युरिटी फाइलमधली बंदी उठवून प्रॉडक्शनला जाऊ नका.

१७ ने कंपाइल

हा टप्पा छोटा आहे. मेव्हनमध्ये ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ काढून एकच ‘रिलीज’ १७ द्या. सोबत ‘पॅरामीटर्स’ हा कंपाइलर पर्यायही चालू करा. तो नसेल तर बूट ३.२ पासून स्प्रिंगला पाथ व्हेरिएबलची नावं सापडत नाहीत. बूटचा पेरेंट पॉम वापरणाऱ्यांना तो आपोआप मिळतो. ऑफिसचा स्वतःचा पेरेंट पॉम असेल तर मिळत नाही. ‘काढून टाकण्यासाठी डेप्रिकेट’ अशा वॉर्निंग आत्ताच निस्तरा. कोड नवा करण्याचा मोह इथे आवरा, डिफ लहान ठेवा.

स्प्रिंग बूट ३

बूट ३.० नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, त्याला किमान जावा १७ लागतं. बूट २.७ चा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला, त्यामुळे तिथे रेंगाळायला जागा नाही. (बूट ४ नोव्हेंबर २०२५ मध्ये आलं. त्याचीही अट जावा १७ च आहे, पण २.७ वरून थेट ४ वर उडी मारू नका.)

सर्वांत दिसणारा बदल जावाएक्स चं जकार्ता होणं. ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनला दिलं, पण जावाएक्स या नावाखाली पुढे बदल करण्याचा हक्क दिला नाही. म्हणून २०२० च्या अखेरीस जकार्ता ईई ९ मध्ये सगळी पॅकेज नव्या नावाखाली गेली. इथे लोक आंधळं शोधा-आणि-बदला करतात आणि फसतात, कारण सगळं जावाएक्स जकार्ता झालेलं नाही. सर्व्हलेट, पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशन, मेल, जेएमएस, ट्रान्झॅक्शन गेले. एसक्यूएल, क्रिप्टो, नेमिंग, नेट आणि एक्सएमएल पार्सर हे जेडीकेचे भाग आहेत, ते जावाएक्सच राहतात. ‘ट्रान्झॅक्शन’ गेलं पण त्यातलं एक्सए जेडीकेमध्ये राहिलं. ‘ॲनोटेशन’ गेलं पण त्यातलं प्रोसेसिंग राहिलं. जेकॅशही जावाएक्सच. हा फरक ओपनरीराइट या कोड आपोआप बदलणाऱ्या साधनाच्या रेसिपीला माहीत असतो. तिने केलेला बदल एका वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, हाताने केलेले दुरुस्तीचे बदल दुसऱ्यात. एकत्र केले तर रिव्ह्यू करणाऱ्याला चारशे फाइलमधून तुमच्या दहा ओळी शोधाव्या लागतात.

वॉर फाइल बाहेरच्या टॉमकॅटवर टाकत असाल तर टॉमकॅट १०.१ घ्या. टॉमकॅट ९ वर बूट ३ ची वॉर टाकली की टॉमकॅट खुशाल ‘सुरू झालो’ म्हणतो, स्प्रिंगचा बॅनर छापलाच जात नाही आणि प्रत्येक यूआरएल ४०४ देतो. कुठेही एरर नसतो, कारण टॉमकॅट ९ जावाएक्सचे क्लास शोधतो आणि जकार्ताचे त्याला दिसतच नाहीत.

डेटाबेसशी बोलणारं हायबरनेट ६ इथे सर्वांत धोकादायक आहे. आयडीसाठी ‘ऑटो’ वापरलं असेल तर हायबरनेट ५ सगळ्या एंटिटींसाठी (टेबलला जोडलेल्या क्लाससाठी) ‘हायबरनेट सीक्वेन्स’ हा एकच सीक्वेन्स वापरत होतं. ६ प्रत्येक एंटिटीसाठी वेगळा शोधतं. तो नसेल तर एरर येतो आणि तुम्ही वाचता. पण ‘डीडीएल ऑटो’ ला ‘अपडेट’ ठेवलं असेल तर नवा सीक्वेन्स एकपासून गुपचूप तयार होतो आणि जुन्या नोंदींच्या प्रायमरी कीला धडकतो. टेस्टच्या रिकाम्या डेटाबेसवर हे कधीच दिसत नाही. उपाय दोन: नावांची जुनी पद्धत राखणारी सेटिंग, किंवा प्रत्येक एंटिटीवर सीक्वेन्सचं नाव स्पष्ट लिहून तो आजच्या कमाल आयडीच्या पुढून सुरू करणारी मायग्रेशन स्क्रिप्ट. ‘ॲलोकेशन साइझ’ आणि डेटाबेसमधल्या सीक्वेन्सची वाढ हे दोन्ही आकडे सारखे आहेत ना, तेही बघा. डिफॉल्ट ५० आहे. तालीम प्रॉडक्शनच्या डेटाच्या प्रतीवरच करा.

सिक्युरिटी ६ मध्ये दोन जागी पाय घसरतो. स्वतः लिहिलेला लॉगिन कंट्रोलर ‘सिक्युरिटी कॉन्टेक्स्ट होल्डर’ मध्ये युजर ठेवून सोडून देत असेल, तर लॉगिन यशस्वी होतं आणि पुढच्याच रिक्वेस्टला युजर अनोळखी असतो. आता कॉन्टेक्स्ट रिपॉझिटरीत स्वतःहून सेव्ह करावा लागतो. दुसरं, परवानगीचे नियम फॉरवर्डलाही लागू होतात. जेएसपी पानं अचानक ४०३ देऊ लागली तर कारण हेच; फॉरवर्डला परवानगी द्या.

यूआरएलच्या शेवटचा तिरका दंड आता आपोआप जुळत नाही. तुमच्या वेब पानांवर फरक पडणार नाही, पण भागीदार कंपनीचा जुना क्लायंट दंड लावून बोलावत असेल तर त्याला ४०४ मिळेल. गेल्या महिनाभराचे ॲक्सेस लॉग चाळून असे यूआरएल आधीच शोधा.

प्रॉपर्टीची नावं बदलली आहेत, उदाहरणार्थ रेडिसची ‘डेटा’ खाली गेली. ‘प्रॉपर्टीज मायग्रेटर’ तात्पुरता जोडा, तो सुरू होताना जुनी नावं दाखवतो. काम झालं की काढा. रिक्वेस्टचा माग काढणाऱ्या स्लूथच्या जागी मायक्रोमीटर ट्रेसिंग येतं. मायएसक्यूएल ड्रायव्हरचं मेव्हनमधलं नावही बदललं आहे.

जावा २१

१८ पासून डिफॉल्ट एन्कोडिंग सगळीकडे यूटीएफ-८ आहे. मराठी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी ही चांगली बातमी आहे, पण जुना डेटा बघून घ्या. विंडोज सर्व्हरवरचं जावा ८ एन्कोडिंग न सांगता फाइल लिहीत असे, तेव्हा देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटत. तो मजकूर परत मिळणार नाही. पण विंडोज-१२५२ मध्ये लिहिलेल्या, ॲक्सेंट असलेल्या युरोपियन नावांच्या जुन्या फाइल नवं जावा यूटीएफ-८ समजून चुकीच्या वाचेल. जिथे फाइल रीडर, स्ट्रिंगचं ‘गेट बाइट्स’ किंवा स्कॅनर एन्कोडिंगशिवाय वापरलंय तिथे ते स्पष्ट लिहा. २१ वर जाण्याआधीच, १७ वर ‘फाइल एन्कोडिंग’ ला यूटीएफ-८ देऊन पूर्ण टेस्ट चालवा; तुटणारं सगळं तिथेच दिसेल.

२० पासून अमेरिकन इंग्रजीत वेळ आणि एएम-पीएम यांच्यामध्ये साध्या स्पेसऐवजी अरुंद, न तुटणारी स्पेस येते. डोळ्यांना दोन्ही सारख्या दिसतात, पण तुलना नापास होते आणि साधी स्पेस असलेली स्ट्रिंग पार्स होत नाही. दुपारच्या वेळेची नोंद नमुन्यात ठेवली ती यासाठी.

टेस्ट चालवताना मॉकिटो या टेस्ट लायब्ररीमुळे ‘एजंट डायनॅमिकली लोड झाला’ अशी वॉर्निंग येईल. आज ती फक्त वॉर्निंग आहे, पुढे बंदी येणार आहे. एजंट सुरुवातीलाच द्या.

आता नवं लिहा

रेकॉर्ड डीटीओसाठी (फक्त डेटा वाहून नेणाऱ्या क्लाससाठी) उत्तम, जेसनची लायब्ररी जॅक्सन २.१२ पासून ते ओळखते. जेपीए एंटिटी म्हणून चालत नाही: रेकॉर्ड फायनल असतो आणि रिकामा कन्स्ट्रक्टर नसतो. सील्ड इंटरफेस आणि स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग ही जोडी जिथे ‘इन्स्टन्स ऑफ’ ची लांबलचक साखळी आहे तिथे वापरा. नवा प्रकार जोडला आणि एखादा स्विच बदलायचा राहिला तर कंपाइलर अडवतो. मात्र त्या स्विचमध्ये डिफॉल्ट लिहू नका. लिहिलंत की ही राखण संपली.

आयडीई सुचवतं म्हणून सगळीकडे बदल स्वीकारू नका. ‘कलेक्टर्स टू लिस्ट’ च्या जागी स्ट्रीमचं थेट ‘टू लिस्ट’ घेतलं की मिळणारी यादी बदलता येत नाही. पुढे कोणी तिच्यात ॲड केलं की रनटाइमला पडतं. ‘लिस्ट ऑफ’ मध्ये नल चालत नाही, इतकंच काय, ‘यात नल आहे का’ विचारलं तरी नल पॉइंटर येतो. ‘मॅप ऑफ’ आणि ‘सेट ऑफ’ चा क्रम जेव्हीएम दरवेळी सुरू झाल्यावर बदलू शकतो, त्यामुळे क्रमावर विसंबलेली टेस्ट कधी पास, कधी नापास होते.

व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे जेव्हीएमच सांभाळतं ते हलके थ्रेड, हे २१ वर येण्याचं सर्वांत मोठं कारण आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याबद्दलच आहेत. बूट ३.२ पासून एका प्रॉपर्टीने ते चालू होतात. थांबून राहणाऱ्या कामाला, म्हणजे डेटाबेस किंवा दुसऱ्या सर्व्हिसच्या उत्तराची वाट बघण्याला, फायदा होतो. हिशेब, एन्क्रिप्शन, पीडीएफ बनवणं अशा सीपीयूच्या कामाला काही होत नाही.

चालू केल्यावर पहिला फटका कनेक्शन पूलला बसतो. टॉमकॅटचे २०० थ्रेड ही नकळत लागलेली मर्यादा होती. ती गेली की हजारो रिक्वेस्ट आत येतात आणि हिकारी या कनेक्शन पूलमध्ये डिफॉल्ट १० कनेक्शन असतात. बाकीचे ३० सेकंद थांबून एक्सेप्शन देतात. पूल ५०० करणं हा उपाय नव्हे, त्याने डेटाबेस बसेल. डेटाबेसकडे जाणाऱ्या कामावर सेमाफोर (एका वेळी किती जणांनी जायचं याची मर्यादा) लावा. व्हर्च्युअल थ्रेडचा पूल करू नका, प्रत्येक कामाला नवा घ्या. थ्रेड लोकलमध्ये जड वस्तू, मोठे बफर साठवत असाल तर आता त्याच्या हजारो प्रती होतील.

दुसरा फटका पिनिंगचा. २१ मध्ये ‘सिंक्रोनाइज्ड’ ब्लॉकच्या आत थ्रेड थांबला तर तो खालच्या खऱ्या थ्रेडला धरून ठेवतो. खरे थ्रेड कोअरइतकेच असतात. चार कोअरवर चारजण अडकले की व्हर्च्युअल थ्रेडवरचं सगळं काम थांबतं, सीपीयू रिकामा दिसतो आणि लॉगही शांत असतो. शोधण्यासाठी ‘ट्रेस पिन्ड थ्रेड्स’ ही प्रॉपर्टी द्या किंवा फ्लाइट रेकॉर्डरमधला ‘व्हर्च्युअल थ्रेड पिन्ड’ इव्हेंट बघा. नेटवर्क किंवा फाइलचं काम ‘सिंक्रोनाइज्ड’ मध्ये असेल तर तिथे ‘रीएंट्रंट लॉक’ लावा. ड्रायव्हर आणि एचटीटीपी क्लायंट ताजे घ्या. ‘सिंक्रोनाइज्ड’ ची ही अडचण जावा २४ मध्ये दूर झाली, त्यामुळे २५ एलटीएस वर ती भेटत नाही. ज्यांचा कोड ‘सिंक्रोनाइज्ड’ ने भरलेला आहे त्यांनी व्हर्च्युअल थ्रेडसाठी २५ ची वाट धरणं जास्त शहाणपणाचं.

पुन्हा मागे पडू नये म्हणून

बिल्ड सर्व्हरवर दुसरा जॉब ठेवा: तोच कोड, सर्वांत नव्या जेडीकेवर, टेस्टसकट, रात्री. तो पडला तरी रिलीज अडवायची नाही. पण कोणती लायब्ररी कधी तुटली हे त्याच आठवड्यात कळतं आणि दुरुस्ती एका ओळीची असते.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये रिलीज नोट्स वाचा, त्यातही ‘काढलेलं’ आणि ‘डेप्रिकेट केलेलं’ हे भाग आधी. जेईपी (जावातल्या बदलाचा प्रस्ताव) वाचताना उदाहरणांच्या कोडआधी ‘नॉन-गोल्स’ आणि ‘रिस्क्स अँड असम्प्शन्स’ वाचा. तिथे लिहिणाऱ्यांनीच काय तुटेल ते सांगितलेलं असतं. दोन व्हर्जनमध्ये एपीआय नेमकं काय बदललं ते ‘जावा व्हर्जन अल्मनॅक’ या साइटवर समोरासमोर दिसतं.

एआय असिस्टंटकडून कोड घेताना प्रश्नातच व्हर्जन लिहा: जावा २१, बूट ३.५, सिक्युरिटी ६. त्यांनी पाहिलेला बराचसा कोड जुना असतो. व्हर्जन न सांगितल्यास ते जावाएक्सचे इंपोर्ट, ‘अँट मॅचर्स’ आणि काढून टाकलेला सिक्युरिटी ॲडॅप्टर आत्मविश्वासाने लिहून देतात. कंपाइल न होणारं लगेच कळतं. ‘लिस्ट बदलता येते का’, ‘एन्कोडिंग काय धरलंय’, ‘कॉन्टेक्स्ट सेव्ह होतोय का’ या तीन गोष्टी कंपाइलर सांगणार नाही, त्या आलेल्या कोडमध्ये स्वतः शोधाव्या लागतात.